चांगले, पण

रामटेके बाई शाळा तपासायला आल्या की खुर्चीवर बसत नसत. त्या सरळ वर्गात शिरायच्या, मुलांच्या शेवटच्या ओळीत सतरंजीवर मांडी घालून बसायच्या आणि त्या दिवशी मुलांना जी चाचणी असेल तिची एक प्रश्नपत्रिका मागून घ्यायच्या. मग पिशवीतून पेन काढून ती सोडवायला लागायच्या. दाखवण्यापुरती नाही, अगदी मन लावून. शेजारच्या मुलीनं डोकावून पाहिलं तर डाव्या हातानं पेपर झाकून घ्यायच्या. दारात हेडमास्तर चहाचा कप हातात धरून अवघडून उभे असायचे आणि मुलं तोंडात ओढणी, रुमाल, जे मिळेल ते कोंबून हसू दाबत असायची.

वेळ संपली की बाई उठून पेपर गुरुजींच्या हातात देत आणि म्हणत, "तपासा."

आता शिक्षण विभागाच्या विस्तार अधिकारी बाईचा पेपर तपासायचा म्हणजे गुरुजींच्या कपाळाला घाम. एका गुरुजींनी डोळे मिटून पैकीच्या पैकी गुण दिले. बाईंनी त्यांना बाजूला बोलावून सांगितलं की सहावा प्रश्न मी मुद्दाम चुकवला होता, तुम्ही पोरांचेही पेपर असेच तपासता काय? दुसऱ्या एका नव्या शिक्षकानं हिंमत करून दोन गुण कापले. त्याच्याशी बाई बस येईपर्यंत त्या प्रश्नावरून वाद घालत राहिल्या, शेवटी हरल्या, आणि जाताना त्याची पाठ थोपटून गेल्या. पुढे कुठल्याही शाळेचा विषय निघाला की बाई याच शिक्षकाचं नाव काढायच्या. आमच्या तालुक्यात बाईंकडून कौतुक ऐकलेले लोक फार थोडे. त्यात तो एक.

मी तेव्हा तुमसरच्या गट साधन केंद्रात होते. म्हणजे मूळची शाळेतली शिक्षिका, पण इतर शिक्षकांना मदत करायला तालुक्याला बसवलेली. माझ्याकडे स्कूटी होती. रामटेके बाईंशी माझी ओळख या एकाच गुणामुळे झाली. त्या मागे एका अंगावर बसत, कापडी पिशवी मांडीवर घट्ट धरत आणि खड्डा आला की खड्ड्याचा दोष माझ्यावर ठेवत. मला त्या आडनावानंच हाक मारायच्या, "लांजेवार." रागात असल्या तरी तीच हाक आणि खुशीत असल्या तरी तीच.

बाई गणितात एम.एस्सी. झालेल्या. पण बोलायच्या गावाकडचं, आमच्या झाडीपट्टीतलं. मीटिंगमध्ये सगळे 'सदर' आणि 'उपरोक्त' करत असताना बाईंचा आवाज यायचा, "पन हे असं काहून आहे?" नव्यानं बदलून आलेले साहेब लोक आधी त्यांना शिपाई समजत. मग त्यांच्याशी एकदा बोलणं झालं की पुन्हा बोलायचं टाळत.

त्यांचं एक वाक्य तर साऱ्या तालुक्याला पाठ होतं. "थांबा, मले समजू द्या." भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणाचीही त्यातून सुटका नव्हती. कंडक्टर म्हणाला की गाडी लेट आहे, तर बाई म्हणणार, थांबा, मले समजू द्या, गाडी लेट आहे का ड्रायव्हर? डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, तर कोणती गोळी पोटात जाऊन काय करते हे कळल्याशिवाय त्या उठायच्या नाहीत. एकदा त्यांचं ऐकून मागच्या रांगेतले पेशंटही तसंच विचारायला लागले. तेव्हापासून डॉक्टर त्यांना सर्वांत शेवटी घेत. बाईंना वाटे, आपल्याला निवांत वेळ देतात.

त्या तुमसरला दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात एकट्याच राहायच्या. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली पुस्तकं आणि एक खुर्ची. दुसरी खुर्ची नव्हती. गेलं तर मी पलंगाच्या काठावर बसायची. लग्न केलं नव्हतं. गावाकडचं कुणी कधी आलेलं मी पाहिलं नाही आणि त्या कधी गावाला गेलेल्याही मला माहीत नाहीत. दिवाळीच्या सुटीतही ऑफिसात येऊन फायली लावत बसत. विचारायची सोय नव्हती. विचारलं तर म्हणायच्या, "हा प्रश्न पेपरात नाही."

तर ही गोष्ट हुशारांच्या वर्गाची आहे.

भंडारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, गोंदिया वेगळा झाला, तेव्हा कपाटं, जीपगाड्या आणि माणसं वाटली गेली. उरलेल्या भंडाऱ्याला आपलं स्वतःचं काहीतरी करून दाखवायची हौस होती. त्या हौसेतून पुढे काही वर्षांनी हा वर्ग निघाला. कागदावर त्याचं नाव इतकं लांब होतं की पाटीवर दोन ओळी लागल्या. लोक म्हणत, हुशारांचा वर्ग. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेतून परीक्षेत पहिला आलेला एक विद्यार्थी निवडायचा आणि त्याला दर शनिवारी तालुक्याला बोलावून वेगळं शिकवायचं. विज्ञान, गणित, कोडी, प्रयोग. आमच्याकडे तो वर्ग तुमसरच्या एका मोठ्या शाळेच्या हॉलमध्ये भरायचा. बाजूला राइस मिल. वारा फिरला की उकडलेल्या धानाचा वास थेट फळ्यापर्यंत यायचा.

दोन वर्षं झाल्यावर जिल्ह्यानं सांगितलं, मूल्यमापन करा. वर्ग चालला की नाही ते कळवा, म्हणजे पुढे चालू ठेवायचा की बंद करायचा ते ठरवता येईल. सोबत छापील नमुना आला. शेवटी तीन चौकटी होत्या. उत्कृष्ट, चांगले, समाधानकारक. वाईट म्हणायची सोयच नव्हती.

ऑफिसात ज्याला त्याला अचानक दुसरं काम निघालं. उरल्या बाई आणि त्यांना वाहून न्यायला मी.

आमचे साहेब, म्हणजे तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी, माणूस वाईट नव्हते. हा वर्ग त्यांनीच उभा केला होता. मिलवाल्यांकडे जाऊन सूक्ष्मदर्शकं मागून आणली होती, शनिवारी शिकवायला एक तरुण, हौशी शिक्षक शोधून काढला होता. त्यांनी बाईंना बसवून समजावलं की वरती नवे अधिकारी आले आहेत, ते खर्चाच्या योजना एकेक बंद करत सुटले आहेत. आपण एक दोष दाखवला की त्यांना तेवढंच पुरेल. तेव्हा फोटो लावा, 'उत्कृष्ट'वर खूण करा आणि पाठवून द्या.

बाईंनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "थांबा, मले समजू द्या. मी पाहू का नको पाहू?"

साहेबांनी सांगितलं की पाहा, जरूर पाहा.

पुढच्या शनिवारी बाई वर्गात गेल्या, शेवटच्या ओळीत बसल्या आणि मुलांबरोबर दिवसभर शिकल्या. सायकलच्या तारांपासून तराजू करायचा होता. बाईंचा तराजू एका बाजूला कलत होता, तर एका मुलानं त्यांना दुरुस्त करून दिला. मी त्यांना एवढं हसताना कधी पाहिलं नव्हतं. परत येताना मागून माझ्या कानात सांगत होत्या की वर्ग एक नंबर आहे, ते पोरगं सर चांगलं आहे, असं शिकवणं आपल्याला मिळालं असतं तर काय पाहिजे होतं. मला हायसं वाटलं. म्हटलं, झालं काम.

घराजवळ उतरल्यावर पिशवी झटकत त्या म्हणाल्या, "मांगच्या रांगेत जागा रिकाम्या काहून होत्या?"

सरांना विचारलं तर कळलं की दूरच्या गावांची काही मुलं पहिल्या एकदोन महिन्यांत यायची बंद झाली. का, तर पालक पाठवत नाहीत. शाळांना फोन केला. तेही तेच म्हणाले, पालकांना आस्था नाही. ऑफिसातही सगळ्यांचं एकमत झालं. एवढं एकमत पाहून बाईंना संशय आला.

"लांजेवार," त्या म्हणाल्या, "पेट्रोल टाक."

पहिलं गाव बपेरा. तुमसरहून सिहोऱ्याच्या पुढे, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून. धानाची कापणी उरकत आली होती. रस्त्यानं भाऱ्यांनी भरलेल्या बैलगाड्या पुढे आणि आमची स्कूटी तणसाचा धुरळा खात मागे. तिथली दुर्गा नावाची सहावीतली मुलगी शाळेत पहिली आली होती, चार शनिवार वर्गाला आली आणि मग आलीच नाही.

तिचे वडील भाऊलाल खळ्यावर होते. बाईंनी सरळ विचारलं की मुलीला काहून पाठवत नाही. तो माणूस दुखावला. म्हणाला की मी दर शनिवारी सायकलवर डबलसीट बसवून बसपर्यंत नेत होतो, तीच नाही म्हणते, मारून पाठवू का? त्यानं दुर्गाला हाक मारली. ती आली, खांबाला टेकून उभी राहिली आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागली. बाईंनी नाव विचारलं, वर्गात काय आवडलं ते विचारलं, सर रागावतात का ते विचारलं. तिनं तोंड उघडलं नाही. शेवटी बाईंनी एक कोडं घातलं. एका लाकडाचे करवतीनं तीन तुकडे करायला दहा मिनिटं लागतात, तर तसल्याच लाकडाचे सहा तुकडे करायला किती लागतील?

दुर्गानं नुसतं वर पाहिलं.

तेवढ्यात शेजारची एक मुलगी पीठ मागायला ताट घेऊन आली होती. तिचं नाव ममता. तिला कुणी विचारलं नव्हतं, पण ती म्हणाली, "वीस."

"वीस कशी?" दुर्गा एकदम खांब सोडून पुढे आली. "तुकडे काहून मोजून राहिली? करवत किती डाव चालली ते मोज ना."

ममतानं ताट खाली ठेवलं. तिचं म्हणणं, पहिला तुकडा काय फुकट निघतो? दुर्गा म्हणाली, दोनदा कापलं की तीन होतात, शेवटचा आपोआपच उरतो. दोघी खाली बसल्या, धुळीत रेघा मारल्या, एकमेकींच्या रेघा पुसल्या, एकमेकींना येडी म्हणून झालं. सहा तुकड्यांना पाचदा कापावं लागतं इथपर्यंत दुर्गा आली आणि तिथून पंचवीस ममतानं काढले. मग दोघी अशा बसल्या की जणू काही झालंच नव्हतं.

बाईंनी त्याच वेळी हळूच विचारलं की मग तिथं काहून नाही येत?

"तिथं समदे चांगले आहेत," दुर्गा म्हणाली. "पन भांडाले कोनी नाही."

मग हळूहळू बाकीचं निघालं. तिथं मुलं आपापल्या गावाची, आपापल्या रांगेत. जेवणाच्या सुटीत ती एकटीच डबा उघडायची. तिचं बोलणं अर्धं हिंदी, तालुक्याची मुलं हसायची. आणि गावात परत आली की शनिवारी काय झालं ते ममताला सांगायला जावं, तर ममता रुसून बसायची, म्हणायची, तू आता हुशारांची झाली.

स्कूटीवर बसल्यावर सिहोऱ्यापर्यंत दोन मोठे खड्डे आले, तरी माझा उद्धार झाला नाही.

पुढे आम्ही उरलेल्या सगळ्या घरी गेलो. सगळीकडे हीच गोष्ट नव्हती. एका मुलाला शनिवारी कबड्डी सोडायची नव्हती आणि त्यानं ते बाईंना तोंडावर सांगितलं. बाई म्हणाल्या, बरोबर आहे तुझं. एका गावाहून शनिवारी बसच नव्हती. पण बऱ्याच घरी शेवटी तेच निघायचं. मूल एकटं पडलं होतं. आणि ही गोष्ट त्यानं घरी सांगितली नव्हती, कारण घरचे त्याच्या निवडीचे पेढे वाटून बसले होते.

मला वाटलं, आता बाई अहवाल लिहितील. त्यांनी आधी दुसरंच केलं. पुढच्या शनिवारी पहाटेच्या बसनं त्या बपेऱ्याला गेल्या आणि दुर्गा आणि ममता दोघींना घेऊन वर्गाला आल्या. सर गोंधळले. ममताचं नाव निवडीत नव्हतं आणि यादीबाहेरचं मूल बसवायची परवानगी नव्हती. बाई म्हणाल्या, "हे माझ्या जागेवर बसते. मी भायेर बसतो."

आणि बसल्या. हॉलच्या पायऱ्यांवर, मिलच्या धुळीत, डोक्यावर पदर घेऊन. त्या दिवशी, आणि त्यानंतर थंडीभर प्रत्येक शनिवारी. येणारे जाणारे विचारत, बाई, भायेर काहून? त्या सांगत की मी परीक्षेत नापास झाली. साहेबांच्या कानावर गेलं. ते येऊन पायऱ्यांसमोर उभे राहिले, विनवून झालं, रागावून झालं. आपल्या ऑफिसची अधिकारी बाई उघड्यावर बसलेली बरी दिसत नाही, असं म्हणून झालं. बाईंनी त्यांना पायरीवर जागा करून दिली.

हळूहळू आणखी दोनतीन गावची मुलं आपापला जोडीदार घेऊन यायला लागली. मागची रांग भरली. सर आधी कुरकुरत होते की गलका वाढला आहे. एका शनिवारी मला बाजूला घेऊन म्हणाले, मॅडम, आधी मी प्रश्न विचारायचो आणि मुलं उत्तरं द्यायची. आता मुलंच विचारतात. रात्री घरी जाऊन मला वाचावं लागतं.

मग अहवाल झाला. साधा होता. वर्ग उत्तम आहे, तो बंद करू नये, आणि एकट्या मुलाला गावातून उचलून आणू नये. आणायचं तर जोडीनं आणावं. दुसरं मूल कोणतं हे गुणांवरून ठरवू नये. पहिल्याला विचारावं. शेवटच्या तीन चौकटींपुढे बाईंनी पेनानं चौथी चौकट आखली, तिच्यात लिहिलं, 'चांगले, पण', आणि तिच्यावर खूण केली.

साहेबांनी तो कागद पाहिला आणि डोकं धरलं. म्हणाले की बाई, हा 'पण' वरती गेला की वर्ग बंद. तुमच्या एका शब्दापायी ही सगळी मुलं घरी बसतील, ते तुम्हाला चालेल का? ते खरंच कळवळून बोलत होते. बाईंनाही ते लागलं. मग म्हणाल्या की वर्ग बंद झाला तर मी स्वतःच्या घरी भरवीन, पण जे पाहिलं ते नाही पाहिलं असं लिहिणार नाही. साहेबांनी सही केली नाही. बाईंनी एकटीच्या सहीनं अहवाल पाठवला.

भंडाऱ्याला आढावा बैठक झाली. मी मागे बसले होते. बाकी तालुक्यांचे अहवाल उत्कृष्ट, उत्कृष्ट करत गेले. आमचा नंबर आला तसं वरच्या साहेबांनी कागद हातात धरून विचारलं की ही चौथी चौकट कुणी छापली. हॉलमध्ये हशा झाला. बाई उभ्या राहिल्या. साहेबांनी विचारलं की दुसरं मूल निवडणार कोण? बाई म्हणाल्या, पहिलं. पुन्हा हशा. आणि त्यानं एखादं ढ मूल आणलं तर?

"ते ढ आहे का हुशार, हे आपल्याले कुठं माहीत आहे?" बाई म्हणाल्या. "आपन फक्त त्याचा एक पेपर पाहिला."

साहेब म्हणाले की गुणवंत मुलांना एकट्यानं पुढे जायची सवय व्हायलाच पाहिजे, जग काही जोडीनं चालत नाही.

बाईंनी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. "एकटं नेलेलं पोरगं शिकते, साहेब. चांगलं शिकते. पन मुकं होऊन जाते. ते तुम्हाले मार्कात नाही दिसत."

या वेळी कुणी हसलं नाही. आणि मग जे झालं त्याची मला अपेक्षा नव्हती. आमचे साहेब उठले, ज्यांनी सही केली नव्हती ते, आणि सांगू लागले की गेले काही महिने मी हे डोळ्यांनी पाहतो आहे, मागची रांग भरली आहे, माझीही या अहवालाला सही समजावी.

वर्ग बंद झाला नाही. पूर्ण जिंकलोही नाही. आदेश आला तो असा, की फक्त दूरच्या गावांतील निवड झालेल्या विद्यार्थ्यासोबत एका सहाध्यायीस सहभागी होण्यास हरकत नसावी, मात्र त्याच्या प्रवासाची व्यवस्था शाळेनं आपल्या स्तरावर करावी. बाईंनी तो दोनदा वाचला. "थांबा, मले समजू द्या. सहाध्यायी म्हंजे मैतर ना?" मी हो म्हटलं. "मंग ठीक आहे. प्रवासाचं पुढच्या वर्षी भांडू."

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी बाई माझ्या दारात उभ्या. पिशवी नव्हती. म्हणाल्या, एका गावाला सोडून दे. कुठल्या, ते सांगितलं नाही. मोहाडीच्या पुढे डावीकडे वळायला लावलं, मग एका तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, नेलं. पाळीखालच्या मोहल्ल्यात एका घराच्या अंगणात त्यांच्याच वयाची एक बाई सुपानं धान पाखडत होती. रामटेके बाई फाटकाशी थांबल्या. आत जाईनात. शाळेच्या दारात त्या अशा थांबलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

पाखडणाऱ्या बाईंनी मान वर केली, डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"सुलो?"

बाईंना कुणी सुलो म्हणत असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

त्यांचं नाव सिंधूबाई. दोघींचं घर भिंतीला भिंत लागून होतं. आता बाईंच्या घराच्या जागी नुसता चौथरा होता. सिंधूबाईंनी आम्हाला बाजेवर बसवलं, चहा ठेवला आणि मला सांगत राहिल्या. चौथीपर्यंत दोघी एकाच पाटीवर लिहायच्या. मग गुरुजींनी सुलोचं नाव सरकारी निवासी शाळेच्या परीक्षेला दिलं, एकच नाव पाठवायचं होतं, आणि ती निवडली गेली. बाईंचे वडील धम्मदीक्षा घेऊन आल्यापासून त्या घरात शिक्षणापुढे दुसरी गोष्ट नव्हती. त्यांनी पोरीला एवढ्याशा वयात दूरच्या बसमध्ये बसवून दिलं. पहिल्या सुटीत ती आली तेव्हा वेगळंच, पुस्तकातलं बोलत होती. पोट्टे हसले. मग ती घराबाहेर निघाली नाही. पुढे आईबाप गेले आणि येणंच सुटलं.

बाई कपातल्या चहाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "मी गेली त्या दिवशी तू आली नव्हती."

"आली होती," सिंधूबाई म्हणाल्या. "पाळीवर उभी होती. बस दिसेनाशी होईपर्यंत."

"मंग हात काहून नाही दाखवला?"

"रडून राहिली होती ना व."

बाईंनी कप खाली ठेवला. अंगणात कोंबड्या धानावर आल्या, त्यांना हाकलायलाही कुणी उठलं नाही. मग बाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या की लांजेवार, तू जा, मी आज इथंच राहतो.

सोमवारी ऑफिसात साहेबांनी विचारलं की रामटेके बाई दिसत नाहीत. मी सांगितलं, त्या गावाला गेल्या आहेत.

साहेबांनी फाइलमधून मान वर केली. "बाईंना गाव आहे?"

"आहे," मी म्हणाले.